न चाखलेलं पाणी

चहा बशीत ओतला की आधी करंगळीचं टोक बुडवून बघायचा. मगच बशी ओठाला लावायचा.

दुसऱ्याच्या मोटारीपाशी नुसता गप्पा मारत उभा असला, तरी तळहात तिच्या बॉनेटवर असायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर असतो तसा.

रेडिएटरचं झाकण उघडताना हातात ओलं फडकं, मान एका बाजूला, डोळे मिटलेले. वाफ निघून जाईपर्यंत तो डोळे उघडत नसे. नव्या पॅसेंजरला वाटायचं, ड्रायव्हर देवाचं काहीतरी म्हणतोय.

वाटेत गाडी थांबली की मैलाच्या दगडावर बसून राहायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "तापलेल्यावर गार वतू नये. तडा जातो." स्टँडवर दोघांचं भांडण जुंपलं तरी तो असाच लांब बसायचा, आणि आवाज उतरल्यावर मध्ये पडायचा.

आणि कुठल्याही गावचं पाणी मोटारीत घालण्याआधी ओंजळीत घेऊन चाखायचा. गोडं असलं तर घोट गिळायचा. खारं असलं तर थुंकायचा आणि म्हणायचा, "हे माणसाला चालंल."

चन्नवीरअण्णा गेल्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. मला अजून खरं वाटत नाही. सवयी एकेक करून आठवतात. माणूस अख्खा आठवत नाही.

मी बी. ए. झालो आणि अक्कलकोटच्या एका शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागलो. घर सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या बोळात. एसटी सकाळी भरून यायची आणि हात केला तरी थांबायची नाही. मग टॅक्सी स्टँडवरून सीटवर जायला लागलो. तिथं चन्नवीरअण्णाची मोटार होती.

मोटार विलायती होती. माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी धाकटी असेल. एका गिरणीमालकाकडून एका डॉक्टरकडे, डॉक्टरकडून एका सावजीकडे आणि सावजीकडून अण्णाकडे अशी ती आली होती. मूळचा काळा रंग उडून करडा झाला होता. रुंद पाठ, जड चाल, आणि दर दहा-बारा मैलांवर पाणी. स्टँडवरच्या लोकांनी तिचं नाव म्हैस ठेवलं होतं. अण्णाला त्याचा राग नव्हता. तोही तिला म्हैसच म्हणायचा. फक्त त्याच्या तोंडून ते निराळं ऐकू यायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं मला पुढची सीट देऊन टाकली. कारण विचारलं तर म्हणाला, तू गप्प बसतोस, मला इंजिन ऐकू येतं. माझ्याहून तो पंधरा वर्षांनी तरी मोठा. मी 'अहो अण्णा' म्हणायचो. एकदा तो म्हणाला, "अण्णा म्हणतोस आनि अहोबी लावतोस. दोनातलं एक ठरव की, मास्तर." मी अण्णा ठेवलं.

त्याचं लग्न झालेलं नव्हतं. घरी तो आणि त्याची आई, शांतम्मा. भवानी पेठेत दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं छप्पर. छपराखाली म्हैस. आई मूळची दुधनीची. घरात दोघं कानडीत बोलायची. मोटारीशी तो मराठीत बोलायचा, असं त्याचा दोस्त हणमंत सांगायचा. हणमंतही टॅक्सीवालाच. त्याची गाडी नवी होती. अण्णाची थट्टा करायचा हक्क आपल्याकडे सरकारनं दिलेला आहे अशा थाटात तो वागायचा.

मग दुष्काळ पडला. बाहत्तर साल कोरडं गेलं आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्याचं वर्णन मी करणार नाही. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं होती. त्यात काही माझ्या शाळेतल्या मुलांचे आईबाप होते. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि त्यालाही आम्ही नशीब म्हणायचो. अशा दिवसांत म्हैस रस्त्यावर होती, आणि तिला पाणी लागत होतं.

वळसंगच्या पुढं रस्त्याला लागून एक वस्ती आहे. तिथं एक आड होता. अण्णा नेहमी तिथंच थांबायचा. बायका पोहरा सोडून त्याच्या हातावर पाणी घालायच्या, तो चाखायचा, बादली भरून घ्यायचा. वर्षानुवर्षं तसं चाललं होतं.

त्या दिवशी एप्रिल सरत आला होता. दुपारची खेप, माझे तास त्या दिवशी उशिरा होते. गाडीत माझ्याखेरीज मागं चौघं. वळसंग सुटलं आणि इंजिनच्या उष्णतेचा काटा चढायला लागला. झाकणाखालून वाफ यायला लागली. अण्णानं गाडी वस्तीपाशी उभी केली. नेहमीसारखा दगडावर बसला. मग बादली घेऊन आडाकडं गेला. मी मागोमाग.

आडाभोवती घागरींची रांग होती. बायका बोलत नव्हत्या. पोहरा खाली गेला की दगडावर घासल्याचा आवाज यायचा. एका बाईनं, तिचं नाव मथुराबाई हे मला नंतर कळलं, अण्णाला ओळखून पोहऱ्यातलं थोडं त्याच्या ओंजळीत घातलं. पाणी गढूळ होतं. अण्णानं ते तोंडात घेतलं आणि सवयीनं बाजूला थुंकलं.

ते नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं असेल, पण बाहेर पडलं नाही. थुंकलेली जागा ओली दिसत होती. सगळ्या बायका त्या जागेकडं बघत होत्या.

मथुराबाई आवाज न चढवता म्हणाली, "आमी ह्येच पितो. तुज्या गाडीला चालंना व्हय?"

रिकामी बादली अण्णानं पाठीमागं धरली, जणू ती कुणाला दिसू नये. म्हणाला, "चुकलं, बाई. सवय हाय. पुन्ना तुमच्या आडावर हिच्यासाठी पानी मागनार न्हाय. मागितलं तर ही गाडी भंगारात घालीन."

"शब्द नगं देऊ," ती म्हणाली. "पानी लागतंच."

"दिला," अण्णा म्हणाला.

आम्ही गाडी आपोआप गार होईपर्यंत थांबलो. मागचे चौघं कुरकुरले, त्यातले दोघं खडीच्या ट्रकात बसून गेले. अक्कलकोटपर्यंत अण्णा उतार आला की इंजिन बंद करत होता. शाळा सुटायच्या वेळी मी शाळेत पोचलो.

मला वाटलं, रागाच्या भरात माणूस बोलतो. पण अण्णा रागावलेला नव्हता. तो शब्द त्यानं पूर्ण शुद्धीत दिला होता. आणि ती मोटार भंगारात गेली तर त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं. दुसऱ्याची गाडी चालवणं त्याला जमलं नसतं. हणमंतानं एकदा विचारलं होतं, मी दुसरी गाडी घेतली तर ती चालवशील का. अण्णा म्हणाला होता, तुझ्या गाडीला मी काय बोलणार.

पुढच्या रविवारी मी त्याच्याकडं गेलो. छपराखाली बॉनेट उघडं होतं आणि हणमंत खुर्ची टाकून बसला होता. स्टँडवरच्या प्रत्येकानं आपापलं निदान आधीच सांगून टाकलं होतं. कुणी म्हणालं पट्टा सैल आहे, पंखा फिरत नाही. कुणी म्हणालं पंप गेला. कुणी म्हणालं हेडचं गॅस्केट उडालंय, इंजिन उतरवावं लागेल. हणमंताचं निदान असं, की गाडी म्हातारी झाली. तिला आता गोठ्यात बांध आणि शेणाच्या गोवऱ्या विक.

अण्णा ऐकून घेत होता आणि एकेक बघत होता. पट्टा अंगठ्यानं दाबला. बोटाच्या पेरभर दबला, तेवढाच दबायला पाहिजे. पंपाखाली कोरडं होतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आत डोकावला. पाणी फिरत होतं, बुडबुडे येत नव्हते. म्हणजे गॅस्केट शाबूत. ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी आत जात नव्हतं. गार इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा आतला झडपेचा डबा तर आधीच्या कुणा मिस्त्रीनं केव्हाच काढून टाकला होता. सोलापूरच्या उन्हात गाडी तापवून घ्यायला डबा कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणत.

मग इंजिन चांगलं तापू दिलं. आणि बंद करून त्यानं मला बोलावलं.

"मास्तर, हात आन."

माझा हात धरून त्यानं रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीजवळ नेला. चटका बसेल इतकी गरम. मग खालच्या नळीवर ठेवला. कोमट. नंतर त्यानं स्वतःचा तळहात रेडिएटरच्या जाळीवर समोरून फिरवायला घेतला. हळू, वरून खाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. डोळे मिटलेले. मध्येच थांबला. माझा हात घेऊन तिथं टेकवला.

जाळी तापलेली होती आणि त्या जागी गार. ताटाएवढा एक गार तुकडा. त्याच्या शेजारी आणखी एक.

"तापलेल्या गाडीत गार जागा हुडकायची," तो म्हणाला. "तितं पानी जात न्हाय."

हणमंत खुर्चीवरून उठला, त्यानंही हात लावून बघितला. मग पुन्हा बसला आणि म्हणाला, "मंजी म्हशीचा घसा बसलाय. गुळण्या करायला लाव."

पुढचा प्रश्न पाण्याचा होता. रेडिएटर धुवायचा तर त्यातून उलटं पाणी सोडावं लागतं. एरवी नळ लावून तासभर सोडतात. त्या उन्हाळ्यात तसं करणाऱ्याला पेठेतल्या लोकांनी मारलंच असतं. अण्णानं रेडिएटर उतरवला. त्यातलं पाणी एका घमेल्यात घेतलं. आईचं एक जुनं पांढरं लुगडं फाडून त्याची चौघडी केली. रेडिएटर उलटा धरायचा, घमेल्यातलं पाणी खालच्या तोंडातून ओतायचं, वरच्या तोंडातून आलेलं लुगड्यातून गाळून पुन्हा घमेल्यात घ्यायचं, आणि तेच पुन्हा ओतायचं. मी धरत होतो, तो ओतत होता. हणमंत देखरेख करत होता.

पहिल्यांदा गंज आला, तांबडा. मग क्षाराचे पांढरे पापुद्रे. आणि मग लुगडं पिवळं व्हायला लागलं.

अण्णा थांबला. लुगड्यावरचा पिवळा गाळ त्यानं बोटावर घेतला. हुंगला. माझ्या नाकाजवळ धरला. जळका, मातकट वास, पण ओळखू येणारा.

हळद.

हळदीचं मला माहीत होतं. वाटेत रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर चिमूटभर हळद आत टाकतात. ती फुगते, भोकापाशी जाऊन बसते, गळती थांबते. गावात पोचेपर्यंतचा तो इलाज. अण्णानंही एकदा केला होता. खूप वर्षांपूर्वी, आईला दुधनीला नेताना, तिच्या देवाच्या पुडीतली चिमूट घेऊन. नंतर भोकाला कथलाचा डाग देऊन घेतला आणि विसरून गेला. पण ही चिमूटभर नव्हती. लुगड्यावर मूठभर गाळ जमला होता आणि अजून येत होता.

हणमंत म्हणाला, कुणीतरी दावा साधलाय. स्टँडवरच्या दोन-तीन नावांचा विचारही त्यानं सुरू केला.

तेवढ्यात शांतम्मा दारात आली. ती आम्हाला ताक द्यायला आली होती. पिवळं लुगडं बघून थांबली. आणि तिच्या चेहऱ्यावर एक लाजरं हसू आलं. कुणी आपला गुपचूप केलेला नेम बघावा आणि आपल्याला ते आवडावंही, तसं.

ती मराठीत बोलली, आमच्यासाठी. "माझीच हाय की हळद. दर अमाशेला पूजा करते, तवा तोंडात घालते तिच्या. त्या वेळी दुधनीला जाताना देवानं पानी थांबवलं न्हव्हं का? तवापासनं. ह्या साली पानी न्हाय म्हून जास्ती घालते. मूठ-मूठ घालते."

हणमंत तोंड उघडायला निघाला होता. अण्णानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि हणमंतानं, त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, तोंड मिटलं.

"म्हून तर अजून चालतीया," शांतम्मा म्हणाली.

अण्णानं हातातलं लुगडं घडी केलं. ओली बाजू आत.

"व्हय, अव्वा," तो म्हणाला. "म्हूनच चालतीया."

आम्ही ताक प्यालो. ती आत गेल्यावर अण्णा उठला आणि पुन्हा ओतायला लागला.

मला वाटलं होतं, तो आईला आज ना उद्या सांगेल. त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सायकलच्या तारेचं एक कडं केलं, त्यावर लुगड्याचा तुकडा शिवला आणि झाकणाखाली रेडिएटरच्या तोंडात बसवला. चहाच्या गाळण्यासारखं. अमावास्येला आई पूजा करायची, डोळे मिटून हळद आत सोडायची. दुसऱ्या दिवशी अण्णा ते गाळणं काढून झटकायचा. पाण्यातला गाळही त्यात अडकायचा, हा वरचा फायदा. हणमंतानं थट्टा न करता स्वतःच्या गाडीला तसंच एक करून घेतलं.

धुतल्यावर गाडी सुधारली. पण पूर्ण नाही. अण्णानं पुन्हा तळहात फिरवला तेव्हा गार तुकडे लहान झाले होते, गेले नव्हते. क्षार आणि हळद मिळून नळ्यांत सिमेंटसारखी बसली होती. ती ओतल्यानं निघणार नव्हती. रेडिएटरची वरची टाकी डाग वितळवून काढायची आणि एकेका नळीत चपटी सळई घालून ती साफ करायची, हाच खरा उपाय होता. त्याला निवांत दिवस पाहिजेत, असं तो म्हणाला. तोवर सांभाळून.

पहिल्या खेपेला तो वस्तीपाशी थांबला. मला धडकी भरली. गाडी तापलेली नव्हती. त्यानं डिकीतून पत्र्याचा एक झाकणाचा डबा काढला. सोलापूरच्या नळाचं पाणी, घरच्या वाट्यातलं. तो डबा उचलून आडाकडं निघाला. मथुराबाई तिथंच होती. डबा त्यानं तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, माझ्या गाडीनं आजवर तुमचं जे प्यालं त्यातलं थोडं.

मथुराबाईनं झाकण काढलं. ओंजळीत पाणी घेतलं. तोंडात धरलं. आणि बाजूला थुंकली.

"औषीदाचा वास येतोय," ती म्हणाली. "हे गाडीला चालंल."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या उन्हाळ्यात मी त्या वस्तीवर ऐकलेलं ते पहिलं हसू. अण्णाही हसला, खाली मान घालून. मथुराबाईनं डबा ठेवून घेतला. शेरडांना होईल, म्हणाली.

त्यानंतर तो डबा येत-जात राहिला. जाताना भरलेला, येताना रिकामा.

अण्णानं शब्द पाळला. दुपारी भरलेली गाडी घेऊन निघाला तर काटा अजून चढायचा. मग तो बाभळीच्या सावलीत थांबायचा, सगळ्यांना उतरवायचा, दगडावर बसायचा. पाणी मागायचा नाही. पॅसेंजर वैतागायचे. काही हणमंताकडं गेले. मी गेलो नाही. मुख्याध्यापकांनी उशिराबद्दल मला दोनदा बोलावून विचारलं. मी गाडीचं कारण सांगितलं. कुणाची गाडी ते सांगितल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाणी झालं. आडाला वरपर्यंत आलं, पोहरा न सोडता वाकून घेता येईल इतकं. बोरी नदीला पूर येऊन गेला. मथुराबाई आता आमची गाडी दिसली की रस्त्यापर्यंत यायची. म्हणायची, "आता तरी पाज की तुज्या म्हशीला. किती दिस रुसून बसनार?"

अण्णा म्हणायचा, शब्द दिलाय.

"म्या मागं घेतला त्यो शब्द," ती म्हणायची.

"तुमी कसा घ्याल? माझा हाय."

हे त्यांचं दर आठवड्याला चालायचं. अखेर एकदा तो तिला म्हणाला, "हिचा घसा नीट साफ करतो. मग पैलं पानी तुमच्या आडाचं घालीन. न चाखता."

"न चाखता?" तिनं विचारलं.

"न चाखता," तो म्हणाला. मथुराबाई आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि ठेचा घेऊन आली आणि मला दिला. त्याला नाही दिला. पाणी घालशील तेव्हा तुला, म्हणाली.

ते निवांत दिवस काही लवकर आले नाहीत. मोटार रोज लागत होती. लग्नसराई, यात्रा, अक्कलकोटची पौर्णिमा. अण्णा म्हणायचा, दिवाळीनंतर. मग म्हणायचा, संक्रांतीनंतर. चौऱ्याहत्तर गेलं, पंच्याहत्तर गेलं. मी शाळेत कायम झालो. आणि सायकलच्या तारा ठोकून चपट्या करायचं काम तो स्टँडवर बसल्या बसल्या करत राहिला. चहा पिताना, गप्पा मारताना, एका दगडावर तार ठेवून हातोडीनं टकटक. हणमंत म्हणायचा, म्हशीचे दात घासायचे ब्रश तयार होतायत. झालेल्या तारा अण्णा सीटखाली ठेवायचा, तेलाच्या फडक्यात गुंडाळून.

यंदा माघात त्यानं गाडी उभी केली. मला म्हणाला, मास्तर, आठ दिवस एसटीनं जा. रेडिएटर उतरवला. बाजेवर गोणपाट घालून त्यावर आडवा ठेवला. स्टोव्हच्या ज्योतीवर डाग वितळवून वरची टाकी वेगळी केली. मी त्या संध्याकाळी गेलो होतो. आतल्या नळ्यांची तोंडं पहिल्यांदाच उघडी दिसत होती. चपटी, बारीक, रांगेनं. मधमाशीच्या पोळ्यासारखी, आणि पोळं पिवळं असतं तसंच हेही पिवळं होतं. अण्णानं एक तार नळीत घातली. हळूहळू, वर-खाली, न वाकवता. पलीकडून पिवळा भुगा पडला. मग त्यानं नळीला डोळा लावला आणि मला लावायला दिला. पलीकडं छपराचा पत्रा दिसला, आणि पत्र्याच्या भोकातून आभाळ.

"दिसतंय?" त्यानं विचारलं.

मी व्हय म्हणालो. तो खूश झाला. एका कडेपासून तो मध्याकडं येत होता. घाई नव्हती. आई आतून विचारत होती, पूजेला तोंड कुठाय आता हिचं. त्यानं सांगितलं, जोडतो, अव्वा, साकु, पुरे, म्हणेस्तोवर घाल मग.

सोमवारी मी अक्कलकोटहून एसटीनं परतलो तर स्टँडवर हणमंत माझी वाट बघत उभा होता. तो कधी माझी वाट बघत नसे. सकाळी अण्णानं चहा बशीत ओतला होता. करंगळी बुडवली होती. आणि तसाच बाजेच्या कडेला टेकला. आईला वाटलं, गार व्हायची वाट बघतोय.

तेराव्यानंतर मी वस्तीवर गेलो. मथुराबाई रस्त्यापर्यंत आली, गाडी दिसली नाही म्हणून थांबली. मी सांगितलं. ती घरात गेली, पाऊस झाल्यापासून तिच्याकडंच राहिलेला पत्र्याचा तो डबा घेऊन आली, तो आपल्या हातानं आडातून भरला आणि झाकण लावून माझ्या हातात दिला. एसटीत मी तो मांडीवर धरून आलो.

मोटार छपराखाली आहे. हणमंतानं ती पुरी करून देतो म्हणून दोनदा सांगितलं, पण दोन्ही वेळा बाजेपर्यंत जाऊन, हात लावून परत आला. रेडिएटर गोणपाटावर आहे. एका कडेपासून मध्यापर्यंत नळ्या मोकळ्या आहेत, वाकून बघितलं तर पलीकडचं दिसतं. पुढच्या नळ्या अजून पिवळ्या आहेत. त्यातल्या पहिल्या नळीत एक चपटी तार आहे, अर्धी आत, अर्धी बाहेर. बाजेखाली पाण्याचा डबा आहे. अमावास्येला शांतम्मानं त्या उघड्या नळ्यांना हळद-कुंकू लावलं. वरून, बोटानं. आत काही घातलं नाही. तार निघेल म्हणून.